वीसबाडेनला एका दिवसात काय बघावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात

नांदेडची सून:
नमस्कार. धाकटे दीर फ्रँकफुर्टला असतात. मे महिन्यात मी आणि सासूबाई त्यांच्याकडं चाललोय. जवळच वीसबाडेन म्हणून गरम झऱ्यांचं शहर आहे, हे ऐकल्यापासून सासूबाईंचा एकच धोशा, "मला त्या कुंडात पाय सोडून बसायचंय." किनवटजवळच्या उनकेश्वरला त्या दोनदा जाऊन आल्यात, गुडघ्याला आराम पडला म्हणतात. पण दीर म्हणतात तिथं अंगावर कपडे ठेवू देत नाहीत. खरं का हे? आणि तसं असेल तर दिवसभर दुसरं काय बघावं? वय ६८, जास्त पायऱ्या जमत नाहीत.

कंधारी:
कपड्यांचं खरं आहे. त्यापेक्षा बाडेन-बाडेनला न्या, तेही गरम झऱ्यांचंच शहर, नाव तेच मोठं. २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आलंय.

पाटकरी:
कंधारीभाऊ, बाडेन-बाडेनच्या फ्रीडरिक्सबाद या जुन्या स्नानगृहातही कपडे काढूनच जातात. आगीतून फुफाट्यात.

ताई, माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. लेक माइंझला दिलीय. माइंझ ऱ्हाईन नदीच्या अलीकडं, वीसबाडेन पलीकडं. तीन महिन्यांत पाच वेळा जाऊन आलो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या दिराचं निम्मं खरं आहे. कैझर-फ्रीडरिश-थेर्मे नावाचं १९१३ सालचं स्नानगृह आहे, तिथं बायामाणसं एकत्र आणि सगळे उघडे. मी दारातूनच माघारी फिरलो. आउकामटाल म्हणून दुसरं आहे, तिथल्या तलावात पोहण्याचा पोशाख घालून उतरता येतं. लुगडं मात्र चालणार नाही. सासूबाई तेवढ्याला तयार होतील का, ते तुम्हीच ठरवा.

त्या म्हणतात तसं पाय सोडायचं कुंड शोधत असाल तर कोखब्रुनेनला जाऊन फसू नका. नावातच 'उकळता झरा' आहे, पाणी ६६ अंशांच्या आसपास. पाय घालाल तर भाजून निघतील. चौकात चारी बाजूंनी मोकळा मंडप आहे, त्यात पाणी सतत वाहतं आणि लोक घोटभर पितात. मी प्लास्टिकचा ग्लास धरला तर हातातच वाकला. स्टीलचा न्या, वर रुमाल धरा. चव खारट, मागून लोखंडाची. आमच्या हिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, बोअरचं पाणी बरं. शेजारी एक कारंजं आहे, त्याच्यावर पुटं चढून चढून गंजाच्या रंगाचा दगडच तयार झालाय. गिझरच्या कॉइलवर बसतं ना, तसंच. असे २६ गरम झरे त्या गावात, रोमन लोकही इथं अंघोळीला यायचे.

पण मी परत परत गेलो ते नेरोबर्ग टेकडीवरच्या गाडीसाठी. १८८८ सालची गाडी, अजून पाण्यावर चालते! दोन डबे एकाच दोराला बांधलेले, एक वर, एक खाली. वरच्या डब्याच्या पोटात टाकी आहे. खाली माणसं किती बसली ते वर कळवतात, त्या हिशोबानं टाकी भरतात, जास्तीत जास्त ७००० लिटर. वरचा जड झाला की उतरायला लागतो आणि खालच्याला ओढून वर आणतो. खाली पोचला की पाणी सोडून देतात आणि तेच परत पंपानं वर चढवतात, म्हणजे फुकट काही नाही. पण डब्याला इंजिन नाही. रूळ ४३८ मीटर, मधोमध दात्यांची पट्टी, ती ब्रेकसाठी. सगळा प्रवास चारएक मिनिटांचा. संभाजीनगरच्या पाणचक्कीपुढं लहानपणी तासभर उभा राहायचो, तसा तिथं उभा होतो. ही म्हणाली, "एवढ्या लांब येऊन बी पाणीच मोजायलात!"

वर गेलात की पाच सोनेरी घुमटांचं रशियन चर्च बघा. नास्साऊ या इथल्या जुन्या संस्थानच्या ड्यूकची तरुण रशियन बायको एलिझाबेथ १८४५ साली बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. तिच्यासाठी बांधलेलं आहे. सासूबाईंना ही गोष्ट आधी सांगून ठेवा, नुसत्या घुमटांत त्यांना काय राम वाटणार.

कुरहाउस बाहेरून पाहिलं तरी पुरे, १९०७ ची इमारत, आत जुगाराचा अड्डा आहे. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की १८६५ मध्ये वीसबाडेनलाच रुलेटवर, म्हणजे जुगाराच्या चक्रावर, सगळं हरला होता. हीच ती जागा असं कुणी सांगितलं तर मान हलवा, पण तो हरला ती इमारत जुनी, नंतर पाडली.

नांदेडची सून:
काका, किती उपकार! गाडीत चढायला त्रास होतो का? आणि खायचं काय?

पाटकरी:
डबे जुने आहेत, हात धरून चढवा. स्टेशनवरून १ नंबरची बस नेरोताल म्हणजे टेकडीच्या पायथ्याला सोडते. फ्रँकफुर्टहून एस-१ लोकल थेट येते, पाऊण तास. मे मध्ये जाताय ते बरं, हिवाळ्यात गाडी बंद असते. वरून चर्चपर्यंत थोडं चालावं लागतं, घाई करू नका. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. टेकडीवर बसून आम्ही तेच खाल्लं, समोर अख्खं शहर.

नांदेडची सून:
सासूबाईंना वाचून दाखवलं. पोहण्याचा पोशाख ऐकून दहा मिनिटं बोलल्या नाहीत. आता म्हणतात, गाडीत बसते, पण त्या पाण्याची एक बाटली नांदेडला न्यायचीच.

पाटकरी:
न्या, पण सामानाच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत असली तर विमानतळावर अडवू शकतात. आणि लोखंडामुळं ते पाणी ठेवलं की तांबूस पडतं, नांदेडला जाऊन बाटली उघडल्यावर मला शिव्या देऊ नका म्हणावं.