फॉर्मवरचा 'कोड': पर्यायी शब्द हवा

क्लेमटेबल:
सोलापुरातल्या एका दवाखान्यात विम्याचे कागद बघते. आमच्या छापील मराठी फॉर्मवर एका ओळीत 'त्वचा / कोड' असा रकाना आहे. तिथं निदानाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहायचा. विडी वळणाऱ्या एका आजींचा फॉर्म नातीच्या होणाऱ्या सासरी कुणीतरी वाचला आणि आजींच्या अंगावर कोड आहे, अशी बोंब झाली. आजींना कोड नाही. कमरेवर चट्टा होता, बायोप्सीत 'कार्सिनोमा इन सिटू' (वरच्या थरातच असलेला कर्करोग) आलं, म्हणून रकान्यात डी०४.५ लिहिलंय. दोन शब्द हवेत: एक या 'कोड'ला, एक 'इन सिटू'ला. घरच्यांना वाचून कळतील असे.

संस्कृतसेवक:
संकेतांक. इतका सरळ शब्द असताना 'कोड' छापायचाच कशाला? 'इन सिटू'ला 'स्वस्थानी' घ्या. लॅटिनमध्येही 'आपल्या जागी' एवढाच अर्थ आहे.

अक्कलकोटरोड:
मास्तर, संकेतांक म्हणल्यावर आजी मोबाईल पुढं करतील, ओटीपी आलाय का बघ म्हणून. पिन कोड म्हणतोच की आपण. त्यात कुणाला पांढरे डाग दिसले का आजवर? लिंगच वेगळं आहे. हा कोड 'टाकला', ते कोड 'आलं'.

संस्कृतसेवक:
रकान्यात क्रियापद नसतं, तेव्हा लिंग कुठून कळणार? अंगावरचं कोड 'कुष्ठ'वरून आलंय. हिंदीत त्याच 'कोढ'चा अर्थ महारोग होतो. इतका कलंक चिकटलेला शब्द दवाखान्याच्या कागदावर हवाच कशाला?

बायोप्सीवाला:
गंमत म्हणजे त्याच यादीत कोडालाही कोड आहे, एल८०. महारोगाला ए३०. आजींच्या कागदावर यातलं काहीच नाही.
खरा घोळ अक्षरांचा आहे. घरचे विचारतात, 'सी नंतर डी, म्हणजे वाढलाय का?' उलट आहे. पसरू शकणारे कर्करोग सी मध्ये. मेलानोमा (रंगपेशींचा कर्करोग) सोडून त्वचेचे बाकीचे सी४४. डी०० ते डी०९ म्हणजे पेशी बिघडल्यात, पण वरच्या थराखालचा पडदा त्यांनी ओलांडलेला नाही. त्वचेचा डी०४, आणि मेलानोमा तसाच वरच्या थरात असेल तर डी०३. पुढचा ५ म्हणजे धड. पडदा फुटला असता तर याच आजींच्या कागदावर सी४४.५ आलं असतं. म्हणून बायोप्सीच्या आधी कोड लिहायची घाई करू नये.

पार्कचौक:
'स्थानबद्ध कर्करोग' कसा वाटतो? अर्थ नेमका बसतो.

रविवारपुरवणी:
बसतो, पण तुरुंगात. आमचे काका १९७५ साली आणीबाणीत मिसा कायद्याखाली स्थानबद्ध होते. ते सुटून आले ते राजकारणातच गेले.

बायोप्सीवाला:
मग उपमा चुकीची नाही. यातलेही थोडेच पुढं सुटतात, पण सुटतात. म्हणून तर काढून टाकायचा.

पार्कचौक:
बरं, साधं 'जागच्या जागी कर्करोग'?

अक्कलकोटरोड:
जागच्या जागी म्हणलं की पुढं 'ठार' येतंय साहेब. नको.

कडकभाकरी:
तुम्ही सगळे कोडात अडकलात. माझा प्रश्न 'चट्टा'वर आहे. सोलापुरात अर्ध्या घरांत कानडी. कानडीत चट्ट म्हणजे तिरडी. आमची आजी कुणाच्या अंगावर चट्टा दिसला की तोंडावर हात घ्यायची, ते उगाच नाही. शब्द तिथूनच आलाय, माझी खात्री आहे.

संस्कृतसेवक:
कसला संबंध लावता! तिरडीचा आणि त्वचेच्या डागाचा अर्थ जुळतो कुठं? ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली असं मानलं तर सगळी मराठी कानडीतून निघेल.

कडकभाकरी:
निघेल की. अडलंय कुठं?

क्लेमटेबल:
विषय माझ्या फॉर्मचा होता, आठवण करून देते. आणि आजींनी दोन वर्षं त्या चट्ट्याला गजकर्णाचं मलम लावलं. कोरडा, लालसर, पापुद्रे सुटणारा, बरोबर परकराच्या नाडीखाली.

बायोप्सीवाला:
म्हणूनच 'गाठ' हा शब्द इथं चालत नाही. लोक गाठीची वाट बघतात आणि हा प्रकार सपाट असतो. १९१२ साली त्वचारोगतज्ज्ञ बोवेन यांनी वर्णन केलं, म्हणून बोवेनचा आजार. जागा कमरेची असेल तर मी नाडीबद्दल विचारतोच. वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिलं, कातडी जाड आणि काळी पडली, तर क्वचित तिथं कर्करोग होतो. पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांनी १९४५ साली धोतरामुळे होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहिलंय.

रविवारपुरवणी:
'काच' हा शब्द बघा ना. सासरचा काच, नाडीचा काच. इंग्रजीला यासाठी दोन शब्द लागतात. निदानाच्या कागदावर 'काचेचा कर्करोग' लिहिलं तर आजींना पटकन कळेल.

अक्कलकोटरोड:
आणि घरचे म्हणतील, आरशामुळं झाला.

पॉलिसीवाचक:
शब्दांचा कीस काढताय, पण पैसा अक्षरावर मिळतो. दवाखान्याचं बिल देणारी साधी मेडिक्लेम असेल तर डी०४ असो वा सी४४, फॉर्मवरच्या मराठीने फरक पडत नाही. गंभीर आजाराची एकरकमी पॉलिसी असेल तर 'इन सिटू' वगळलेला असतो. इतकंच नाही, मेलानोमा सोडून त्वचेचा कुठलाही कर्करोग, तो लसिका ग्रंथींपर्यंत किंवा पुढं गेला नसेल तर, तिथं धरत नाहीत. घरच्यांना 'कर्करोग' एवढाच शब्द सांगितला की ते पॉलिसीचा कागद घेऊन धावतात आणि हात हलवत परत येतात. तेव्हा 'इन सिटू'चं भाषांतर करताना हे ध्यानात ठेवा.

संस्कृतसेवक:
म्हणूनच 'स्वस्थानी' म्हणतोय.

क्लेमटेबल:
सर, 'स्वस्थानी' वाचून आजींच्या मुलानं विचारलं, आई घरी कधी जाणार? सध्या रकान्यात 'निदान क्रमांक' असं हातानं लिहिते. 'इन सिटू' तसंच देवनागरीत ठेवलंय, खाली एक ओळ: वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही.

पार्कचौक:
'उतरलेला' नको. उतरला म्हणजे बरा झाला असं वाटेल. ताप उतरतो तसं.

कडकभाकरी:
कोडकौतुकातला कोड कुठला मग? तोही कुष्ठातनं?

संस्कृतसेवक:
नाही, तो कोड म्हणजे लाड, हौस. कोड पुरवणे ऐकलं नाही का?

कडकभाकरी:
ऐकलंय, पण मूळ कुठलं? कानडीत बघतो.