पुस्तक छापून संपते, सॉफ्टवेअर संपत नाही: रोलप्लेइंग खेळांच्या डिजिटल साधनांना आगाऊ पैसे द्यावेत का?

लातूरचा गेममास्टर

काल या मंचावर एका सदस्याने लिहिले की, टेबलटॉप रोलप्लेइंगची, म्हणजे एक जण (गेममास्टर किंवा डीएम) गोष्ट चालवतो आणि बाकीचे पात्रे साकारतात त्या खेळांची, सगळी चांगली डिजिटल साधने क्राउडफंडिंगमुळेच (अनेकांकडून आगाऊ पैसे गोळा केल्यामुळेच) जन्मली, आणि उशीर झाला म्हणून हिशेब मागणारे बॅकर, म्हणजे पैसे देणारे, या छंदाचे नुकसान करतात. आपल्या भागात महाविद्यालयीन मुलांचे गट आता कुठे उभे राहत आहेत. त्यांना ‘विश्वास ठेवा, प्रश्न विचारू नका’ असा सल्ला देणे मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देत आहे.

नियमपुस्तकासाठी लोकांकडून पैसे गोळा करणे मला पूर्ण मान्य आहे, कारण पुस्तक छापून घरी आले की निर्मात्याचा खर्च थांबतो. साधनाचे नेमके उलटे असते. ते लोकांच्या हाती गेल्यावर सर्व्हरचे भाडे, ब्राउझर बदलले की करावी लागणारी दुरुस्ती आणि खेळाच्या नव्या आवृत्तीचे नियम बसवण्याचे काम सुरू होते, आणि तोवर गोळा झालेली रक्कम बहुधा संपलेली असते. मग वर्गणी लागू होते, किंवा काम थांबते. मीही एका नकाशा बनवणाऱ्या साधनाला पैसे दिले होते. आधी निर्मात्यांच्या सूचना विरळ झाल्या, मग बंद पडल्या, आणि आजवर माझ्याकडे उघडेल अशी एकही फाइल आलेली नाही.

फाउंड्री हे ऑनलाइन खेळ चालवण्याचे साधन पाहा. मे २०२० मध्ये ते विक्रीला आले, ५० डॉलर एकदाच, आणि खेळाडूंना वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तयार वस्तू विकली गेली.

बीडचा, सध्या पुण्यात

सर, आपण उदाहरण अर्धेच सांगितले. फाउंड्री विक्रीला येण्याआधी पॅट्रिऑन या दरमहा मदत देण्याच्या संकेतस्थळावरच्या पाठीराख्यांच्या पैशांवरच वाढले. रोल२० हे तसेच साधन तर २०१२ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर ५ हजार डॉलर मागून उभे राहिले आणि त्याला ४० हजारांच्या आसपास मिळाले. टेलस्पायर या त्रिमित साधनाची मोहीम २०१९ ची होती आणि एप्रिल २०२१ मध्ये ते स्टीम या ऑनलाइन खेळविक्रीच्या दुकानावर लोकांच्या हाती आले. या तिघांचे निर्माते कुठल्या बँकेकडे गेले असते? आपला एक अनुभव वाईट होता, म्हणून पद्धतच वाईट ठरत नाही. विनामूल्य आवृत्तीवर वर्षानुवर्षे खेळायचे आणि ज्यांनी पैसे घातले त्यांना शहाणपण शिकवायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे.

लातूरचा गेममास्टर

पैसे मीही घातले होते, हे वर लिहिले आहे. कृपया वाचून उत्तर द्यावे. पॅट्रिऑनचा मुद्दा मान्य करतो, पण त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. तिथे पाठीराख्यांना चालणारी चाचणी आवृत्ती हातात मिळत होती आणि काम आवडले नाही तर पुढच्या महिन्यापासून पैसे थांबवता येत होते. किकस्टार्टरवर नुसत्या आश्वासनावर एकरकमी पैसे जातात. २०१४ ची मॉर्निंगस्टार या साधनाची गोष्ट आठवा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या मालकांनी ते बनवणाऱ्या चमूशी केलेला करार संपवल्यावर त्या चमूने किकस्टार्टरवर ४ लाखांहून अधिक डॉलर मागितले आणि उद्दिष्ट गाठले गेले नाही. उद्दिष्ट पूर्ण न झाल्यास कोणाचेही पैसे कापले जात नाहीत, या नियमामुळे बॅकर वाचले. ते जेमतेम पूर्ण झाले असते, तर नियमांचे हक्क दुसऱ्याच्या हातात असलेले साधन त्यांनी विकत घेतले असते.

परभणीची डीएम

आपण दोघेही ज्या साधनांवर भांडत आहात, त्यांत मराठी लिहून पाहिले आहे का? आमच्या गटातली निम्मी मुले इंग्रजीत वाचतात, पण खेळतात मराठीत. मी देवगिरीच्या अंधारी मार्गावर एक खेळ रचला होता. मशाल विझली की वाटेचे वळण दिसू नये, यासाठी प्रकाश नियंत्रित करणारी सोय मला हवी होती आणि ती एका साधनात उत्तम चाललीही. पण त्या साधनात नकाशावरच्या नावांतली जोडाक्षरे सुटी पडली आणि ‘किल्ला’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. खेळ बनवण्याच्या युनिटी या इंजिनच्या टेक्स्टमेश प्रो या अक्षरप्रणालीने देवनागरीची मांडणी वर्षानुवर्षे नीट केलेली नाही, आणि अनेक त्रिमित साधने युनिटीवरच उभी आहेत. स्ट्रेच गोलमध्ये, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे जमले की मिळणाऱ्या जादा गोष्टींत, नवे राक्षस येतात, नवे फासे येतात. आमची लिपी मी तरी तिथे पाहिलेली नाही.

बीडचा, सध्या पुण्यात

ताई, ब्राउझरवर चालणारी साधने वापरा. तिथे अक्षरांची जुळणी ब्राउझर स्वतः करतो आणि मराठी नीट दिसते. फाउंड्री घरच्या संगणकावर चालवा, प्रश्न मिटला.

परभणीची डीएम

प्रश्न मिटला, हे पुण्यात फायबर जोडणीवर बसून म्हणणे सोपे आहे. माझ्याकडे मोबाइलचे नेट आहे. त्याला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा संगणकाचा पत्ता) मिळत नाही, म्हणून बाहेरचा खेळाडू माझ्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा दरमहा पैसे. त्यातच ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप कापल्या जाणाऱ्या देयकांचे रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि माझी परदेशी वर्गणी खेळाच्या ऐन मध्यात बंद पडली. आमच्या अडचणींवर ‘प्रश्न मिटला’ म्हणण्याआधी आपण इकडे येऊन एक खेळ चालवून दाखवावा.

नांदेडचा प्रोग्रामर

ताईंचे म्हणणे तंत्राच्या बाजूने बरोबर आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर येते, पण दाखवताना वेलांटी डावीकडे न्यावी लागते. हे काम करणारी हार्फबझसारखी मुक्त लायब्ररी (कोणालाही वापरता येणारा तयार कोड) कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. ती जोडायला कोणी पैसे देत नाही, एवढेच कारण आहे. मी मराठी साधनासाठी मोहीम उभारण्याचा विचार केला होता, परंतु भारतात राहणाऱ्याला किकस्टार्टरवर प्रकल्प सुरूच करता येत नाही. पैसे देण्याची मुभा आहे, मागण्याची नाही. यावर इथे कोणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते.

बीडचा, सध्या पुण्यात

मी बीडमध्ये वीज जाण्याच्या वेळा पाहून खेळ ठरवले आहेत, त्यामुळे मला मराठवाडा समजावून सांगण्याची गरज नाही. तरी सार्वजनिक पत्त्याची अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती, हे खरे. क्राउडफंडिंगविषयीचे मत मात्र बदललेले नाही. मराठी साधन झाले तर तेही कोणीतरी आधी पैसे दिल्यामुळेच होईल.

लातूरचा गेममास्टर

आधी पैसे देण्याला माझा विरोध नाही. काही न पाहता देण्याला आहे. नांदेडच्या सरांनी नवे साधन बांधण्याऐवजी एखाद्या मुक्त साधनात देवनागरीची जोडणी करून दाखवावी. ती चालली, तर आमचा गट दर महिन्याला वर्गणी काढील आणि काम थांबले की वर्गणीही थांबेल. परभणीच्या ताईंनी देवगिरीच्या नकाशावरची बिघडलेली नावे एका फाइलमध्ये द्यावीत. त्यात क्ष, ज्ञ, शृ आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द जरूर असावेत, कारण चाचणी तिथेच अडते.

परभणीची डीएम

फाइल आज रात्री देते. पण वर्गणी किती आणि ती कोणाच्या खात्यात, हे इथेच सर्वांसमोर लिहावे. त्याशिवाय आमची मुले एक रुपया देणार नाहीत.