आधी निष्कर्षाची ताकद जुळवावी

समांतर युक्तिवादाच्या प्रश्नांत, म्हणजे दिलेल्या युक्तिवादासारखीच रचना असलेला पर्याय शोधायचा असतो अशा प्रश्नांत, प्रत्येक पर्याय क-ख-ग अशा चिन्हांत मांडावा, असे एक मत आहे आणि ते मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु एलसॅटमध्ये (अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेत) पर्याय पाच असतात आणि सगळे मांडत बसल्यास वेळ पुरत नाही. त्याआधी केवळ निष्कर्ष ताडून पाहावेत: मूळ युक्तिवादाच्या निष्कर्षात ‘बहुधा’ असेल, तर ‘नक्कीच’ म्हणणारा पर्याय तिथेच बाद होतो.

सोलापुरात विद्यार्थ्यांना शिकवताना मी एक उदाहरण देतो: ‘इथली प्रत्येक चादर सुती आहे, हे कापड सुती आहे, म्हणून ती चादरच.’ यात ‘चादर म्हणजे सुती’ हे उलटवून ‘सुती म्हणजे चादर’ असे धरले आहे, ही चूक. बहुतेक जण चादरीचाच, पण निर्दोष युक्तिवाद असलेला पर्याय निवडतात, वास्तविक ‘पाऊस पडला की रस्ता भिजतो, रस्ता भिजला आहे, म्हणून पाऊस पडला’ यातच तीच चूक आहे. विषयाचे साम्य हाच खरा सापळा, आणि विधानांचा क्रम बदलला तरी रचना बदलत नाही.