तूर वाळल्यानंतर चंदनाला कायमचा यजमान कोणता द्यावा? (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात नंदगडच्या पूर्वेला आमचे तांबड्या मातीचे, उताराचे रान आहे. गेल्या पावसाळ्यात तेथे चंदनाची रोपे लावून प्रत्येक रोपाशेजारी यजमान म्हणून, म्हणजे ज्याच्या मुळांतून चंदन पाणी व खनिजे घेते असे झाड म्हणून, तूर टोकली होती. आता तूर वाळू लागली आहे. जेथे ती आधी वाळली, तेथील चंदनाची पाने पिवळी पडून शेंड्याची वाढ थांबली आहे. हिरव्या तुरीजवळची रोपे मात्र टवटवीत आहेत.

चंदन अर्धपरोपजीवी असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन स्कॉट यांनी १८७१ मध्ये दाखवून दिले. ते हिरव्या पानांत स्वतःचे अन्न तयार करते. परंतु त्याच्या मुळांवरील बारीक गुंडीसारखे शोषक अवयव शेजारच्या झाडाच्या मुळांत शिरून जलवाहिन्यांना भिडतात आणि तेथून पाणी, खनिजे व नत्र ओढून घेतात. तुरीच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधतात, त्यामुळे जिवाणूंनी मिळवलेला नत्र तुरीमार्फत चंदनापर्यंत पोहोचतो. ही साखळी मला फार मोलाची वाटते. म्हणूनच नुसता युरिया देऊन पाने हिरवी करण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण पाण्यासाठी आणि इतर खनिजांसाठी चंदनाला यजमान लागणारच.

माझ्यासमोर करंज आणि सुरू हे दोन पर्याय आहेत. करंज शेंगवर्गीय आणि काटक आहे, पण पुढे त्याची दाट सावली चंदनाला दाबेल अशी भीती वाटते. सुरू शेंगवर्गीय नसला तरी त्याच्या मुळांवर फ्रँकिया या जिवाणूच्या नत्र बांधणाऱ्या गाठी असतात, शिवाय त्याची सावली विरळ पडते. ज्यांनी यांपैकी कोणताही यजमान प्रत्यक्ष लावला आहे, त्यांनी तो चंदनापासून किती अंतरावर ठेवला आणि छाटणी कधीपासून सुरू केली, हे कृपया सांगावे.

त्याहून निकडीचा प्रश्न असा, की नव्या झाडाची मुळे चंदनापर्यंत पोहोचेपर्यंत मधल्या काळात पुन्हा तूरच टोकावी, की लवकर वाढणारा हादगा लावावा? मुळांची जोडणी झाली आहे का, हे रोपाला इजा न करता ओळखण्याची काही खूण असल्यास तीही हवी आहे. उत्तर देताना आपल्या जमिनीचा प्रकार आणि पाऊसमान अवश्य लिहावे, कारण चंदनाला मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस चांगलाच असतो.