शब्दचर्चा: 'डंगरीज'ला मराठीत काय म्हणाल?

निरगुडी

एका ब्रिटिश बाईंच्या दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणी दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय. बाई रणांगणाच्या आसपाससुद्धा फिरकलेल्या नाहीत. १९४१ मध्ये विशीच्या आतबाहेरची ही पोर घर सोडून 'विमेन्स लँड आर्मी'त जाते, शेतावर गाईंच्या धारा काढते, बटाटे खणते आणि पुढे दारूगोळ्याच्या कारखान्यात लागते. कपड्यांचं वर्णन पानोपानी आहे आणि तिथंच घोडं पेंड खातंय. 'डंगरीज' आणि 'ओव्हरऑल' हे दोन शब्द तर सारखे येतात. 'विजार' लिहिलं की पोर मामलेदार कचेरीत निघाल्यासारखी वाटते, 'तुमान' लिहिलं की घोड्यावर मांड ठोकल्यासारखी. 'सायरन सूट', डोक्याला बांधायचा 'टर्बन' आणि एकूणच 'होम फ्रंट', म्हणजे रणांगणामागे घरी राहिलेल्यांची युद्धातली आघाडी, यांचीही तीच गत. रोजच्या तोंडातला शब्द हवाय. परिभाषा कोशातला नको.

परळचा भोंगा

डांगरी. विषय संपला.

रेल्वेच्या वर्कशॉपात विचारा, लष्करात विचारा. सरकारी निविदांतसुद्धा 'डांगरी सूट' असंच छापतात. कोपरावर ग्रीसचे डाग, मागच्या खिशात पुसायचं फडकं आणि पायाशी दोनदा दुमडलेली, कारण स्टोअरमधून मिळणारं माप कधीच आपलं नसतं.

ओवी

भोंगाशेठ, एवढ्यात संपवू नका. तुमची डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पूर्ण बाह्यांची, पुढून बटणं किंवा चेन. इंग्रज त्याला बॉयलर सूट म्हणतो. निरगुडीच्या लेखातली पोर जिला डंगरीज म्हणतेय ती शर्ट-स्वेटरवरून चढवायची असते: छातीवर चौकोनी तुकडा, खांद्यावरून दोन पट्टे, मागे ते एकमेकांवरून गेलेले, आणि बाह्या नाहीत. दादरला लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात 'डांगरी' मागितलीत तर दुकानदार बावचळेल. 'डंगरी' म्हणा, लगेच तीन रंग काढून पुढ्यात टाकेल.

म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाची मराठीत दोन रूपं झालीत आणि दोन्ही वेगवेगळ्या कपड्यांना चिकटलीत. ही सोय इंग्रजीत नाही. शेतावर डंगरी, यंत्रशाळेत बॉयलर सूट आला तर डांगरी. मी असंच करीन.

तळटीप

ओवीचं म्हणणं पटलं. फक्त एक शंका. आजच्या वाचकाला 'डंगरी' म्हटलं की तीन वर्षांचं बाळ किंवा कॉलेजातली मुलगी दिसणार, शेण काढणारी लँड गर्ल नव्हे. पहिल्यांदा शब्द येईल तिथं 'गॅलिसची जाड सुती डंगरी' असं लिहावं. गॅलिस हा आपल्या आधीच्या पिढ्यांचा शब्द आहे, शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या गॅलिसवर तोलून असायच्या. तोही मूळचा इंग्रजीच: फाशीच्या खांबाला 'गॅलोज' म्हणतात, त्यावरून पट्ट्यांना बोलीभाषेत 'गॅलस', आणि आपण केलं गॅलिस. छातीवरच्या तुकड्याला इंग्रजीत 'बिब' म्हणतात म्हणून कुणी 'लाळेरं' लिहू नये, एवढीच विनंती.

आणि हो, लँड आर्मीचं 'महिला भूसेना' करू नका. वाचक रणगाडे शोधत बसेल. 'शेतसेना' चालेल, नाहीतर 'लँड आर्मी'च ठेवा.

लीड्सवासी

इथल्या स्थानिक संग्रहालयांत हे कपडे काचेमागे नीट जवळून बघता येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लँड आर्मी पहिल्यांदा १९१७ मध्ये निघाली आणि १९३९ च्या जूनमध्ये, म्हणजे युद्ध पुकारण्याच्या आधीच, पुन्हा उभी केली गेली. लेडी डेनमन प्रमुख होत्या. ऐन भरात ८०,०००हून जास्त मुली तिच्यात होत्या. पोस्टरवर दिसतो तो मिरवायचा गणवेश: हिरवा स्वेटर, फिकट तपकिरी ब्रीचेस, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, तपकिरी फेल्ट हॅट. चिखलात उतरताना मात्र डंगरी आणि गमबूट, धार काढताना वरून लांब कोट. गमबुटांचीही मारामार होती, कारण १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानच्या हाती गेला आणि रबराची वाट बंद झाली. गमबूट हा शब्द तसाच ठेवा, त्याला मराठीपण मिळून जमाना झाला.

आता मुद्द्याचं. ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं १ जून १९४१ ला. बातमी आधी फुटली तर दुकानं रिकामी होतील म्हणून इतकी गुप्तता पाळली की वेगळी कुपनं छापलीच नव्हती. शिधापत्रिकेतली मार्गारिनची शिल्लक कुपनं कपड्यांसाठी वापरा, असं त्या दिवशी सांगितलं गेलं. माणशी वर्षाला ६६ कुपनं. बायकांच्या अस्तर लावलेल्या लांब कोटाला १४, लोकरी झग्याला ११, ब्लाउजला ५, स्टॉकिंग्जच्या जोडीला २. नंतर वर्षाची कुपनं कमी झाली.

पण त्या पहिल्या यादीत काही गोष्टी बिनकुपनाच्या होत्या. त्यांत बॉयलर सूट आणि कामगारांची गॅलिसची डंगरी या दोन्हींची नावं वेगवेगळी छापली आहेत, म्हणजे ओवीने केलेला फरक तिथल्या सरकारनेही केला होता! सोबत शिवायचा दोरा, रफूची लोकर, टोप्या, लाकडी तळाचे बूट, जुने वापरलेले कपडे आणि ब्लॅकआउटच्या, म्हणजे रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून लावायच्या, पडद्यांचं काळं कापड. पडद्याचं कापड बिनकुपनाचं म्हटल्यावर त्याचे परकर आणि झगे शिवले गेले नसते तरच नवल. लेखातली बाई १९४१ च्या उन्हाळ्यातलं बोलत असेल, तर तिच्या अंगावरचा कामाचा कपडा हा घरातल्या मोजक्या 'फुकट', म्हणजे बिनकुपनाच्या, कपड्यांपैकी एक होता, हे अनुवाद करताना डोक्यात असू द्या. पुढे हीही सवलत आवळली.

दुसरं, 'ओव्हरऑल'. हा शब्द अमेरिकेत डंगरीसाठी वापरतात, ब्रिटनमध्ये बहुतेकदा कपड्यांवरून घालायच्या लांब कोटासाठी किंवा झग्यासाठी. बाई दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्यात, तेव्हा नेमकं कुठलं खातं ते मुळात पाहा. तोफगोळ्यांत स्फोटकं भरायच्या खात्यात धातूचा कण आत नेऊ देत नसत. आकडे, पिना, काडेपेटी, सिगारेट सगळं दाराशी काढून ठेवायचं. बोटातून न निघणाऱ्या लग्नाच्या अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळायची. बुटांना खिळे नाहीत. अशा ठिकाणी पितळी बकलांची डंगरी कुठून असणार?

ओवी

हे फार कामाचं सांगितलंत. मग तिथं 'बंदांचा कोट' लिहावं. बटण नसलेल्या, कापडी पट्ट्यांनी बांधायच्या कपड्यासाठी 'बंद' हा अगदी नेमका शब्द आपल्याकडे आहे. बाराबंदी आठवा. निरगुडी, मुळात कपडा कसा बंद करतात ते दिलंय का?

निरगुडी

दिलंय. बाजूला पट्ट्यांनी बांधायचा, रंग पांढरट. बंदच. ओवी, जिओ.

कारवारकर

सगळे एवढी डंगरी-डांगरी करताय आणि मुंबईकरांपैकी कुणीच डोंगरीचं नाव काढलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. इंग्रजी कोश हा शब्द 'डुंगरी' नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून आला असं सांगतात आणि ते नाव मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडतात. सँडहर्स्ट रोडजवळची आजची डोंगरी तीच. डोंगर-डोंगरी, छोटी टेकडी. आज तिथं टेकडी शोधायला गेलात तर ट्रॅफिक तेवढा सापडेल. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा घातला तेव्हा याच उंचवट्यावरून इंग्रजांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या.

मात्र डोंगरीकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये. कापडाचा उल्लेख १६१३ मध्ये कॅप्टन सॅरिस या इंग्रज व्यापारी कप्तानाच्या मोलुक्का बेटांवरच्या (आजच्या इंडोनेशियातल्या) हिशेबात येतो, लवंगांच्या बदल्यात द्यायच्या कापडांच्या यादीत, आणि तिथं त्यातला उत्तम प्रकारही नोंदवलाय. तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडे होती. पुढे १६७० च्या दशकात फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर या किनाऱ्यावर फिरला. कुठल्या बंदरातून काय न्यावं हे लिहिताना त्याने डंगरी कापड आमच्या कारवारच्या नावावर टाकलंय, मिऱ्यांच्या जोडीला. म्हणजे नाव एका गावाचं, माल अख्ख्या किनाऱ्याचा, अशातलीच गत दिसते. हे स्वस्त कापड खलाशांच्या अंगावर चढलं, तिथून कामगारांच्या, आणि कापडाचं नाव शेवटी कपड्याला मिळालं.

म्हणून माझी सूचना: सरळ 'डुंगरी' लिहा. आपलाच शब्द आहे, आपल्याच रूपात परत घ्या.

तळटीप

कारवारकर, माहिती झकास. सूचनेला मात्र कडाडून विरोध. 'डुंगरी' आज कोण म्हणतं? कापडाचं नाव म्हणूनही कुणाच्या तोंडी उरलेलं नाही, जाड कोऱ्या कापडाला लोक मांजरपाट म्हणतात. अनुवादात 'डुंगरी' आली की तळटीप द्यावी लागणार, तळटीप आली की डोंगरी येणार, सिद्दी येणार, आणि ती बिचारी ब्रिटिश पोर बटाट्यांच्या रानात ताटकळत राहणार. (माझं टोपणनाव बघून हसू नका.) व्युत्पत्ती लेखाच्या शेवटी चौकटीत द्या. ओघात नको.

कारवारकर

चौकट चालेल. पण कारवारसकट.

परळचा भोंगा

सायरन सूटचं काय झालं? आमच्या गिरणगावात सायरन म्हणजे भोंगा, त्यामुळे 'भोंगा सूट' या शब्दावर माझा वारसाहक्क आहे.

ओवी

हक्क मान्य, शब्द नामंजूर. गिरणीचा भोंगा पाळी बदलली म्हणून वाजायचा. 'भोंगा झाला' म्हणजे डबा घेऊन निघा. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वेगळा, तो ऐकून लोक रात्री अंथरुणातून उठून तळघराकडे पळायचे. त्या घाईत झोपायच्या कपड्यांवरूनच चढवायचा, एका चेनीत बंद होणारा, उबदार असा हा सूट. चर्चिल तर तो घालून पाहुण्यांना भेटायचे, त्यांच्यासाठी मखमलीचेसुद्धा शिवले होते, आणि ते स्वतः त्याला 'रॉम्पर' म्हणत, म्हणजे तान्ह्या पोरांचा कपडा. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: बाबासूट. विनोदी प्रसंग असेल तर 'मोठ्यांचा बाबासूट' लिहून मोकळं व्हा, गंभीर असेल तर 'सायरन सूट'.

निरगुडी

प्रसंग विनोदीच आहे. वडील तो घालून कोंबड्यांना दाणे टाकतायत. बाबासूट घेतला! आता टर्बन.

लीड्सवासी

फेटा नको. लेथवर किंवा ड्रिलवर केस अडकून टाळू सोलवटू नये म्हणून बांधलेला रुमाल तो, गाठ पुढे कपाळावर. फेटा म्हटलं की गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बाया डोळ्यांपुढे येतात.

तळटीप

'डोक्याला रुमाल आवळून' एवढं पुरे. कष्टाचा वास हवाच असेल तर 'मुंडासं', पण ते पुरुषी आहे. आणि जिथं बाई म्हणते की रुमाल बांधला आणि कामाला लागले, तिथं 'पदर खोचून' लिहायचा मोह टाळा. वाक्प्रचार कितीही गोड असला तरी तिच्या अंगावर पदर नाही. 'बाह्या सरसावून' लिहा. बाह्या आहेत.

कारवारकर

'युटिलिटी' कपड्यांना काय करणार? आमच्या आजीच्या तोंडी 'कंट्रोलचं कापड' असायचं. १९४३ मध्ये इकडे कापडावर सरकारी नियंत्रण आलं आणि गोरगरिबांसाठी 'स्टँडर्ड क्लॉथ' निघालं, तेव्हापासूनचं. मुंबईत धान्याचं रेशनही त्याच वर्षीचं.

लीड्सवासी

कंट्रोल नको. कंट्रोलचं म्हटलं की आपल्याला खडे निवडायचा तांदूळ आणि एका धुण्यात विरलेलं धोतर आठवतं. ब्रिटनचं युटिलिटी कापड सरकारने दर्जा आणि किंमत ठरवून दिलेलं होतं, वर 'सीसी ४१'ची खूण. १९४२ मध्ये लंडनच्या नामांकित फॅशनकारांकडून त्याचे नमुने बनवून घेतले होते. काटकसर मात्र कडक: पुरुषांच्या पँटच्या पायाशी दुमड ठेवायला मनाई, खिसे मोजून. दुमड गेली म्हणून पुरुषांनी जी बोंब मारली, ती बॉम्बवर्षावात मारली नव्हती म्हणतात. १९४४ मध्ये ती परत द्यावी लागली. 'युटिलिटी शिक्क्याचं कापड' असं लिहा.

ओवी

'होम फ्रंट'ला 'गृहआघाडी' करू नका, सोसायटीच्या निवडणुकीतलं पॅनेल वाटतं. 'महिला आघाडी' तर प्रत्येक पक्षाची आहे. शीर्षकात 'युद्धाची पिछाडी' कसं वाटतं? पिछाडी सांभाळणे मराठीत आहेच, आणि या बाया तेच करत होत्या.

निरगुडी

'पिछाडी' शीर्षकासाठी संपादकांना कळवते. शेवटचं एक: डंगरीचं लिंग आणि अनेकवचन? बाई दोन घेऊन आल्या होत्या.

तळटीप

ती डंगरी, त्या डंगऱ्या. इंग्रजीत एका कपड्यालाही 'डंगरीज' म्हणतात, त्यामुळे मुळात नक्की दोनच आहेत का तेवढं पुन्हा पाहा.