पहिलं जुनं मनगटी घड्याळ : तुमचे अनुभव लिहा

माळरान
काल एसटीत शेजारच्या आजोबांनी घड्याळाला चावी दिली. तो कर्रकर्र आवाज किती वर्षांनी कानावर पडला! डोळ्यांसमोर वाईचं माजघरच उभं राहिलं. आकाशवाणीवर सात-पाचच्या बातम्या लागल्या की आमचे अण्णा एचएमटी या सरकारी कंपनीच्या जनता घड्याळाला चावी द्यायचे. आधी मनगटावरून काढायचे, मगच चावी. हातात असताना दिली की चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो, म्हणायचे. अण्णा गेले त्या गडबडीत ते घड्याळ कुठे गेलं, घरात कुणालाच आठवत नाही.

आता स्वतःच्या पैशांनी एक घ्यायचंय. एचएमटीचंच. जनता की पायलट, या दोन मॉडेलांत अडकलेय. बजेट ३००० रुपये. तुम्ही पहिलं कोणतं घेतलंत, कसं निवडलंत, कुठे फसलात, सगळं लिहा.

चहाबिस्कीट
पायलट!! काळी तबकडी, पांढरे आकडे, लांबूनही वेळ दिसते.

पण माझ्या पहिल्या पायलटची तबकडी नव्याने रंगवलेली निघाली. फोटोत इतकं चकचकीत दिसत होतं की मी रात्री साडेअकराला पैसे पाठवले. घड्याळजींनी भिंगाखाली दाखवलं : अक्षरं जाड, फुटलेली, आणि कडेच्या मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येतच नाहीत. आत दोन-तीन घड्याळांचे सुटे भाग एकत्र बसवलेले. फार वाईट वाटलं होतं. तबकडीवर थोडे डाग असलेलं चालेल, उलट तेच घ्या. पन्नास वर्षांचं घड्याळ कालच छापल्यासारखं दिसत असेल तर हात मागे घ्या.

रानजाई
सात-पाच वाचूनच गलबलून आलं. आमच्याकडे बातम्या संपल्या की आई दुधाचा हिशेब लिहायची. घड्याळ नव्हतंच घरात, रेडिओवरच सगळं चालायचं.

खाडीकाठ
एचएमटी नाही, पण लिहितो. आमच्या रत्नागिरीकडे आखातातून येणाऱ्याच्या बॅगेत सीको फाइव्ह असायचंच. वडील कुवेतला होते. त्यांचं घड्याळ थोरल्या भावाकडे गेलं, ते बरोबरच झालं, पण मला तसंच हवं होतं. सात महिने शोधलं.

शोधताना कळलं ते सांगतो. जुन्या सीकोच्या मागच्या झाकणावर नंबर असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. दशक आपण ओळखायचं. वडिलांच्या घड्याळाचा नंबर ८३ने सुरू होतो, म्हणजे मार्च १९७८. माझा जन्म त्याच वर्षीचा, मे महिन्यातला. माझ्यासाठी पाळणा आणि स्वतःसाठी घड्याळ, दोन्ही घेऊन ते त्या सुट्टीत आले होते. भावाला फोन केला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मला अखेर ८५ने सुरू होणारं मिळालं. निळी तबकडी, खरी. रोज घालतो.

पिंपळपार
वडिलांनी ४० वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मी शाळेतून थेट दुकानात जायचे. म्हणून जरा सविस्तर.

जनता आणि पायलट दोन्हीत यंत्र जवळपास सारखंच, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतली झीज कमी करणारे खडे). जपानच्या सिटिझन कंपनीकडून शिकून एचएमटीने बंगळुरूला १९६१मध्ये कारखाना काढला, त्या घराण्यातलं. त्यामुळे मनाला भावेल ते घ्या, दुरुस्तीत फरक नाही. २०१६मध्ये केंद्राने घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली तरी सुटे भाग अजून मिळतात, कारण घड्याळं घरोघरी होती. पहिल्या खरेदीसाठी मी म्हणूनच एचएमटी सांगते. अनोळखी स्विस नाव स्वस्तात मिळेल, पण बॅलन्सची, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाची, दांडी तुटली की घड्याळजी हात टेकतात.

बघायचं काय? दोन-चार फेरे चावी दिली की सेकंदकाटा आपणहून निघाला पाहिजे, हलवावं लागता कामा नये. पूर्ण चावीवर दीड दिवसाच्या आसपास चाललं पाहिजे. दिवसाला मिनिटभर मागेपुढे झालं तर काळजी नको. विकणाऱ्याकडे मागचं झाकण उघडलेला फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. आणि सर्व्हिसिंगचे पैसे बजेटमध्येच धरा. सुकलेल्या तेलावर चालवलं तर चांगलं यंत्रही झिजतं.

अण्णांचं चावीच्या दांडीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बाबाही हेच सांगायचे.

निवडुंग
विषय थोडा वेगळा. आमचे संगीताचे सर अंध होते. त्यांच्याकडे एचएमटीचं ब्रेल घड्याळ होतं. काच डबीच्या झाकणासारखी उघडायची, सर काट्यांवरून अलगद बोट फिरवायचे आणि "अजून दहा मिनिटं आहेत, पुन्हा घ्या" म्हणायचे. मी गेली चार वर्षं तेच शोधतेय. कुणाला दिसलं तर कळवा, प्लीज.

चहाबिस्कीट
@निवडुंग रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाणार आहे, विचारतो नक्की.

उन्हाळा
पट्ट्याबद्दल कुणीच बोललं नाही. नागपूरच्या मे महिन्यात चामड्याचा पट्टा दोन आठवड्यांत वास मारतो. कापडी घ्या. आधी मापून घ्या, माझ्या जनताला १८ मिमी लागतो.

माळरान
कुकर लावून सगळं वाचलं. जनताच घेतेय. एकाकडे पांढऱ्या तबकडीचं आहे, सहाच्या आकड्याजवळ डाग आहे. झाकण उघडून फोटो पाठवा म्हटलं, उद्या देतो म्हणालेत. @पिंपळपार, फोटो आला की बघाल का?

पिंपळपार
हो, टाका. दुपारी दोननंतर मोकळी आहे.

रानजाई
माळरान, वाईत कुठे? माझं आजोळ मधल्या आळीत.

माळरान
अगं, आमचं गणपती आळीत! घाटावर पोहायला यायचीस का?