मदत हवी आहे: 'फेअर वॉर्निंग'मधलं 'अनचेन्ड' वाजवायला घेतलं की गिटार बेसूर होते

टिळकवाडी_तार: शनिवारी कार्यक्रम आहे. व्हॅन हेलन या रॉक बँडच्या 'फेअर वॉर्निंग' अल्बममधली तीन गाणी घेतलीत. 'मीन स्ट्रीट' आणि 'सो धिस इज लव्ह' नीट वाजतात. 'अनचेन्ड'साठी जाड तारेचा स्वर उतरवला की बाकीच्या पाचही तारांचा स्वर चढतो. त्या खाली आणल्या की जाड तार परत हलते. तासभर हेच चाललंय. लवकर सांगा.

खानापूर_रोड: ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) कुठला? तारा किती नंबरच्या? कुठून कुठे उतरवताय? हे लिहिल्याशिवाय काय सांगायचं ओ?

निपाणी_अण्णा: तारा जुन्या झाल्या असतील. बदला. पावसाळ्यात आपल्याकडे गंज लवकर धरतो.

खानापूर_रोड: अण्णा, गंजलेल्या तारेनं बाकीच्या पाच चढत नाहीत. हा तरंगत्या ब्रिजचा, म्हणजे तारा आणि मागच्या स्प्रिंगा यांच्या ताणावर तोलून राहणाऱ्या ब्रिजचा, प्रकार दिसतोय.

टिळकवाडी_तार: होय, फ्लॉइड रोझ पद्धतीचा आहे, लिहायचं राहिलं. तारा ९-४२ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). सगळी गिटार अर्धा स्वर खाली, म्हणजे ई-फ्लॅटवर.

कॅम्प_बास: मग कारण सरळ आहे. ई-फ्लॅटवरून जाड तार डी-फ्लॅटवर नेली की तिचा ताण कमी होतो. मागच्या स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे झुकतो आणि बाकीच्या तारा ताणल्या जातात. व्हॅन हेलनचा गिटारवादक एडी, त्याचा ब्रिज बॉडीला टेकलेला असायचा, फक्त खाली दाबता यायचा. म्हणून त्याला हा त्रास नव्हता.

शहापूर_सूर: डी-ट्यूना (जाड तार स्वरभर उतरवणारं ब्रिजवरचं यंत्र) बसवा की! एका ओढीत काम.

कॅम्प_बास: तरंगत्या ब्रिजवर डी-ट्यूना लावलं तरी बाकीच्या तारा चढणारच. आधी ब्रिज टेकवायला हवा. शिवाय १९८१ साली, हा अल्बम झाला तेव्हा, ते यंत्र नव्हतंच.

मिरज_लाइन: मिरजेला सतारमेकर गल्लीत नेऊन दाखवा. स्वराचा कान तिथल्यासारखा कुठं मिळणार नाही.

खानापूर_रोड: कानाबद्दल वादच नाही. पण तंबोऱ्याची जवारी वेगळी आणि लॉकिंग नट (मानेच्या टोकाला तारा आवळून धरणारा भाग) वेगळा. हे घरीच होतं, वाचा:

मागचं झाकण काढा. स्प्रिंगांच्या बाजूला, ब्रिजचा ठोकळा आणि मानेकडची भिंत यांच्या फटीत सागवानाचा तुकडा बसवायचा. गिटार ई-फ्लॅटवर लावून ब्रिज समांतर असताना ती फट मोजा, तेवढ्याच जाडीचा तुकडा घासून घ्या. कमी पडला तर ब्रिज मागे झुकलेला राहील. मग स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, ठोकळा लाकडावर घट्ट टेकेल. आता ३ एमएमच्या अ‍ॅलन कीनं नटाचा जाड तारेकडचा क्लॅम्प सैल करून मगच तार उतरवा. ब्रिजवरच्या फाइन ट्यूनरमध्ये (स्वर किंचित हलवणाऱ्या स्क्रूमध्ये) पूर्ण स्वराची चाल नसते. तो मध्यावर ठेवा आणि क्लॅम्प परत आवळा. ९-४२ मधली ४२ डी-फ्लॅटवर लोंबेल. १०-५२ चा संच घ्या, पण तो चढवल्यावर स्प्रिंग आणखी आवळावी लागेल, बहुतेक एक जास्तीची लागेल.

निपाणी_अण्णा: एवढा खटाटोप कशाला? त्यांच्या '१९८४' अल्बममधलं काहीतरी वाजवा, लोकांना माहीत असतं.

कॅम्प_बास: लोकांना माहीत नाही म्हणूनच वाजवायला हवं! गायक डेव्हिड ली रॉथच्या काळातला सगळ्यात कमी खपलेला हा अल्बम, आणि गिटार सगळ्यात काळीकुट्ट, टोकदार इथेच आहे. जेमतेम ३१ मिनिटं, त्यात भरतीचं एक गाणं नाही. मुखपृष्ठसुद्धा विल्यम क्युरेलेकच्या 'द मेझ' या चित्रातले तुकडे. आतला सूर तसाच आहे.

शहापूर_सूर: 'मीन स्ट्रीट'ची सुरुवात करताना अंगठा जाड तारेवर आणि बोटं बाराव्या पट्टीजवळ (फ्रेटजवळ) आपटायची. पट्टीच्या बरोबर वर, नाहीतर हार्मोनिक (घंटेसारखा उंच स्वर) उमटत नाही.

टिळकवाडी_तार: ते येतंय मला. आणि 'अनचेन्ड'मधला फ्लँजर (आवाज घुसळल्यासारखा करणारा पायाचा पेडल)?

कॅम्प_बास: एमएक्सआर कंपनीचा. पूर्ण गाणंभर चालू ठेवू नका, रिफच्या (परत परत येणाऱ्या गिटारच्या धूनच्या) ठरावीक तुकड्यावर पायानं चालू, लगेच बंद. सगळीकडे लावलात तर रिफचा दणका पातळ होतो.

टिळकवाडी_तार: लाकूड बसवलं, १०-५२ चढवल्या. पाच तारा जागच्या हलत नाहीत! पण जाड तार पहिल्या-दुसऱ्या पट्टीवर खरखरते.

खानापूर_रोड: ताण उतरला की तार जास्त रुंद हलते. जाड बाजूचा ब्रिजचा खांब पाव फेरा वर घ्या. आधी सगळ्या तारा ढिल्या करा, ताणलेल्या असताना खांब फिरवलात तर ब्रिजची धार झिजते. मग पिक जरा हलका मारून बघा. लोंबत्या तारेला जोरात मारलं की पहिल्या क्षणी स्वर चढाच लागतो.